कारूच्या पठारापासून घानापर्यंत: आफ्रिकेतलं रेडिओ खगोलशास्त्र, सोप्या भाषेत

आपल्या आकाशगंगेचं केंद्र धनू राशीच्या दिशेला आहे, तिथं सूर्याच्या ४० लाख पट वजनाचं कृष्णविवर बसलंय, आणि हे केंद्र बघायला भारतापेक्षा दक्षिण आफ्रिका कितीतरी चांगली जागा आहे. कारण साधं भूगोलाचं आहे. नारायणगावजवळच्या खोडदहून बघितलं तर हे केंद्र दक्षिण क्षितिजापासून जास्तीत जास्त ४२ अंश वर येतं आणि परत खाली जातं, पण दक्षिण आफ्रिकेतल्या कारू नावाच्या कोरड्या पठारावरून ते जवळजवळ डोक्यावरून जातं, म्हणजे जास्त वेळ दिसतं आणि वातावरणाचा कमीत कमी थर मध्ये येतो. आफ्रिकेत रेडिओ खगोलशास्त्र वाढलं त्यामागे हे एक कारण आहेच, पण मला जास्त भारी वाटते ती दुसरी गोष्ट. जिथं आधी दुसऱ्यांनी आपल्या कामासाठी उभारलेल्या अँटेना होत्या तिथं लोकांनी त्याच अँटेना ताब्यात घेऊन स्वतःचे प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि मग जगात नाव घ्यावं अशी दुर्बीण स्वतः बांधली. ती कशी, ते सांगतो, पण आधी रेडिओ दुर्बीण म्हणजे काय ते बघू.

तारे, वायूचे ढग, दीर्घिका (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह) हे सगळे आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाशिवाय रेडिओ लहरीपण सोडतात. आकाशगंगेच्या केंद्राकडे बघताना मध्ये इतकी धूळ आहे की साधा प्रकाश आपल्यापर्यंत जवळपास पोचतच नाही, रेडिओ लहरी मात्र त्या धुळीतून आरपार येतात. विश्वात सगळ्यात जास्त असलेला हायड्रोजन वायू थंड असला तरी २१ सेंटीमीटर लांबीची एक लहर सोडतो (फ्रिक्वेन्सी १४२० मेगाहर्ट्झ), त्यामुळे जिथं एकही तारा चमकत नाही तिथला वायूसुद्धा सापडतो आणि तो आपल्याकडे येतोय का लांब जातोय तेही कळतं. एक गैरसमज खूप जणांचा असतो की शास्त्रज्ञ हेडफोन लावून आकाश ऐकत बसतात. तसं नसतं. डिशवर पडलेल्या लहरीमुळे रिसीव्हरमध्ये अगदी बारीक व्होल्टेज तयार होतं, ते मोठं करून आकड्यांमध्ये बदलतात, आणि कॉम्प्युटर त्या आकड्यांवरून आकाशाचं चित्र तयार करतो.

अडचण एकच, पण मोठी आहे. दुर्बीण किती बारीक तपशील दाखवेल हे लहरीची लांबी आणि दुर्बिणीची रुंदी या दोन गोष्टींवर ठरतं. २१ सेंटीमीटरची लहर दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरीपेक्षा साधारण ४ लाख पट लांब आहे, म्हणजे १० सेंटीमीटरची साधी हौशी दुर्बीण जितकं बारीक दाखवते तितकं रेडिओत दिसायला डिश ४० किलोमीटरच्या आसपास रुंद पाहिजे. एवढी डिश कोण बांधणार? म्हणून मग बऱ्याच छोट्या डिश लांब लांब पसरून ठेवतात आणि दोन-दोन डिशचे सिग्नल एकमेकांशी जुळवून बघतात, कारण एकच लहर एका डिशवर थोडी आधी आणि दुसरीवर थोडी नंतर पोचते आणि त्या फरकात ती आकाशाच्या कुठल्या बिंदूतून आली याची माहिती दडलेली असते. आपल्या खोडदची जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) याच पद्धतीनं चालते, ४५ मीटरच्या ३० डिश आणि पसारा साधारण २५ किलोमीटर. जितक्या जास्त जोड्या, जितकी वेगवेगळी अंतरं, तितकं चित्र स्वच्छ. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे घानाच्या वेळी लागणार आहे.

आता आफ्रिका. जोहान्सबर्गच्या पश्चिमेला साधारण ५० किलोमीटरवर हार्टबीस्टहूक नावाची दरी आहे, तिथं १९६१ मध्ये नासानं २६ मीटरची डिश बांधली, ग्रहांकडे पाठवलेल्या यानांशी बोलायला. पृथ्वी फिरते, त्यामुळे यान सतत टप्प्यात ठेवायचं तर जगाच्या वेगवेगळ्या बाजूंना अँटेना लागतात, त्यातली एक इथं होती. ती मोकळी असायची त्या वेळात जॉर्ज निकोलसन या तिथल्याच इंजिनिअरनं तिच्यावर रेडिओ खगोलशास्त्राची निरीक्षणं सुरू केली, दक्षिण आफ्रिकेत या विषयाची सुरुवात इथून झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी राजवटीमुळे अमेरिकेत राजकीय दबाव वाढत गेला आणि १९७४ मध्ये नासा तिथून निघून गेली. डिश मात्र राहिली, आणि तिचीच वेधशाळा झाली. २००८ मध्ये तिचं मुख्य बेअरिंग तुटलं, बऱ्याच जणांना वाटलं आता संपलं, पण २०१० मध्ये दुरुस्त होऊन ती परत कामाला लागली.

साधारण याच काळातली एक गोष्ट नायजेरियाची आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते, म्हणून थोडं थांबून सांगतो. सॅम्युएल ओकोये हे केंब्रिजला रेडिओ खगोलशास्त्रात डॉक्टरेट करत होते, आणि अँटनी ह्युइश यांच्याबरोबर त्यांना क्रॅब तेजोमेघाच्या, म्हणजे स्फोट होऊन फुटलेल्या एका ताऱ्याच्या अवशेषाच्या, आत एक अगदी छोटा पण विलक्षण प्रखर रेडिओ स्रोत सापडला. पेपर १९६५ मध्ये छापून आला. तेव्हा पल्सार, म्हणजे झपाट्यानं फिरणारा आणि ठरावीक वेळानं रेडिओ ठोके देणारा अतिशय दाट न्यूट्रॉन तारा, हा प्रकारच कुणाला माहीत नव्हता, पहिला पल्सार जोसलिन बेल यांना १९६७ मध्ये सापडला आणि क्रॅबमधला तो स्रोत म्हणजे पल्सार आहे हे १९६८ मध्ये कळलं. म्हणजे एका नायजेरियन तरुणाच्या हाती ती गोष्ट नाव मिळायच्या आधीच लागली होती. ओकोये मायदेशी परतले, मध्ये बियाफ्राचं यादवी युद्ध झालं, आणि युद्धानंतर १९७२ मध्ये त्यांनी न्सुक्का इथल्या नायजेरिया विद्यापीठात अवकाश संशोधन केंद्र सुरू केलं. तिथं मोठी दुर्बीण उभी राहिली नाही, पैसा नव्हता, पण विद्यार्थी तयार झाले. आफ्रिकेतल्या या विषयाचा इतिहास लिहायचा तर ओकोयेंचं नाव पहिल्या पानावर पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

मॉरिशसची गोष्ट तर आपल्या घरची म्हणावी अशी आहे. तिथं मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतायत हे सगळ्यांना माहीत असतं, पण बेटाच्या ईशान्येला ब्रा दो नावाच्या ठिकाणी बंगळुरूच्या दोन संस्थांनी, रामन रिसर्च इन्स्टिट्यूट आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था, मॉरिशस विद्यापीठाबरोबर मिळून एक रेडिओ दुर्बीण बांधली हे कमी जणांना माहीत असतं. १९९२ पासून ती चालू झाली. पूर्व-पश्चिम २ किलोमीटरच्या ओळीत १०२४ अँटेना, स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या, आणि दक्षिणेकडे रेल्वेचे रूळ टाकून त्यावर ट्रॉल्या. दक्षिणेच्या सगळ्या अंतरांवर अँटेना लावायला पैसे नव्हते म्हणून काही अँटेना ट्रॉलीवर ठेवायच्या, एक जागा मोजून झाली की ढकलून पुढच्या जागी न्यायच्या, परत मोजायचं, आणि सगळी मोजमापं शेवटी एकत्र करायची. असं करून दक्षिण आकाशाचा नकाशा काढला. थोड्या पैशात, डोकं वापरून केलेलं काम मला कायम जास्त आवडतं.

मग आलं एसकेए, म्हणजे स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे, जगातल्या बऱ्याच देशांनी मिळून बांधायची प्रचंड रेडिओ दुर्बीण. ती कुठं बांधायची यासाठी २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेनं दावा केला, आणि त्या कामाचे प्रमुख होते बर्नी फॅनारॉफ. या माणसाबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे. केंब्रिजला असताना १९७४ मध्ये त्यांनी ज्युलिया रायली यांच्याबरोबर रेडिओ दीर्घिकांचे दोन प्रकार पाडले, मधल्या भागाजवळ जास्त चमकणाऱ्या आणि टोकांना जास्त चमकणाऱ्या, ते वर्गीकरण आजपण जगभर वापरतात. एवढं नाव झाल्यावर ते देशात परत आले आणि धातू कामगारांच्या युनियनमध्ये जवळपास वीस वर्षं काम केलं, वर्णभेदाच्या काळात, कामगारांना संघटित करत. नंतर मंडेलांच्या सरकारात पुनर्रचना आणि विकासाच्या कार्यक्रमाचं काम बघितलं, आणि मग परत खगोलशास्त्राकडे. मंत्र्यांशी, ठेकेदारांशी, गावकऱ्यांशी आणि शास्त्रज्ञांशी एकाच माणसाला बोलता येतं याचा दक्षिण आफ्रिकेला किती फायदा झाला असेल विचार करा.

२००६ मध्ये शर्यतीत दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया एवढेच दोघं उरले, आणि मे २०१२ मध्ये निकाल लागला की दुर्बीण दोन्हीकडे वाटून बांधायची. कमी फ्रिक्वेन्सीच्या लाखभर छोट्या अँटेना पश्चिम ऑस्ट्रेलियात आणि मधल्या फ्रिक्वेन्सीच्या डिश कारूमध्ये. पण दक्षिण आफ्रिका निकालाची वाट बघत बसली नव्हती, हे महत्त्वाचं. त्यांनी आधी केएटी-७ नावानं सात डिश उभ्या केल्या, शिकण्यासाठी, आणि मग मीरकॅट. १३.५ मीटरच्या ६४ डिश, ८ किलोमीटरपर्यंतच्या अंतरात, त्यातल्या बऱ्याचशा मधल्या एक किलोमीटरमध्ये दाटीनं. खर्च दक्षिण आफ्रिकेच्या सरकारचा, डिझाइन आणि बांधणीचं बरंचसं काम देशातच. जुलै २०१६ मध्ये फक्त १६ डिश चालू असताना त्यांनी आकाशाचा एक छोटा तुकडा बघितला, जिथं आधी ७० दीर्घिका माहीत होत्या तिथं १३०० च्या वर दिसल्या, आणि १३ जुलै २०१८ ला सगळ्या ६४ डिशचं उद्‌घाटन झालं तेव्हा आकाशगंगेच्या केंद्राचं चित्र दाखवलं.

मीरकॅट इतकं चांगलं का चालतं? नेहमीच्या डिशमध्ये रिसीव्हर डिशच्या समोर मध्यभागी टांगलेला असतो, त्याच्या खांबांची सावली डिशवर पडते आणि चित्रात खोटे ठिपके येतात. मीरकॅटमध्ये रिसीव्हर बाजूला काढलाय, एक दुसरा छोटा आरसा लहरी त्याच्याकडे वळवतो, मुख्य डिशसमोर काहीच आडवं येत नाही. रिसीव्हर अतिथंड ठेवलेला असतो म्हणजे त्याचा स्वतःचा नॉइज कमी, सिग्नल डिशजवळच डिजिटल केला जातो आणि जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरनं पुढे जातो. ६४ डिशच्या २०१६ जोड्या होतात आणि त्या सगळ्या जोड्या सतत, एकाच वेळी जुळवल्या जातात. हे काम करणारे कॉम्प्युटर एका इमारतीत जमिनीखाली लोखंडी कवचात ठेवलेत, कारण कॉम्प्युटर स्वतःच रेडिओ गोंगाट करतो.

आणि गोंगाट हा या विषयाचा खरा शत्रू. आकाशातून येणारे सिग्नल इतके क्षीण असतात की चंद्रावर एखादा साधा मोबाईल चालू ठेवला तर तो आकाशातल्या सगळ्यात प्रखर रेडिओ स्रोतांमध्ये गणला जाईल. म्हणून २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेनं खास कायदा केला, त्याखाली कारूच्या त्या भागात मोबाईल टॉवर, ट्रान्समीटर, अगदी काही प्रकारच्या यंत्रांवरसुद्धा बंधनं आहेत. कार्नारवॉन हे सगळ्यात जवळचं गाव, साधारण ९० किलोमीटर. आपल्याकडे खोडदच्या आसपास कारखान्यांवर बंधनं आहेत ती याच कारणासाठी. पण एक मोठं दुखणं कायद्याच्या हातात येत नाही, ते म्हणजे डोक्यावरून जाणारे हजारो इंटरनेट उपग्रह. जमिनीवर शांतता राखता येते, वरून येणाऱ्या सिग्नलचं काय करायचं यावर जगभर वाटाघाटी चालू आहेत आणि मला ही काळजी खरंच गंभीर वाटते.

मीरकॅटला काय काय सापडलं त्याची यादी करत नाही, दोन-तीनच सांगतो. २०१९ मध्ये आकाशगंगेच्या केंद्राच्या वर आणि खाली दोन अवाढव्य रेडिओ बुडबुडे दिसले, मिळून १४०० प्रकाशवर्षं उंच, म्हणजे काही दशलक्ष वर्षांपूर्वी केंद्रात काहीतरी मोठा स्फोटासारखा प्रकार झाला असणार. २०२२ मध्ये त्याच भागाचं साधारण २०० तासांच्या निरीक्षणांतून केलेलं चित्र आलं, त्यात चुंबकीय धाग्यांसारख्या जवळपास १००० रेषा दिसतात, काही १५० प्रकाशवर्षं लांब. हे धागे १९८० च्या दशकापासून माहीत होते पण आता एकदम दहापट सापडले, आणि ते कसे बनतात याचं पक्कं उत्तर अजून नाहीये. ते चित्र एकदा मोठ्या स्क्रीनवर जरूर बघा. आणि २०२४ मध्ये एका तारकागुच्छात पल्सारभोवती फिरणारी अशी एक वस्तू सापडली जी सगळ्यात जड न्यूट्रॉन ताऱ्यापेक्षा जड वाटते आणि सगळ्यात हलक्या कृष्णविवरापेक्षा हलकी, मग ती नक्की काय आहे यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतायत.

त्याच पठारावर हेरा नावाची अजून एक दुर्बीण आहे आणि ती दिसायला अगदी साधी, लाकडी खांब, पीव्हीसी पाइप आणि तारेची जाळी, अशा १४ मीटरच्या ३५० डिश, आकाशाकडे तोंड करून स्थिर बसवलेल्या. पहिले तारे पेटले तेव्हाच्या हायड्रोजनचा सिग्नल शोधायचं तिचं काम आहे. कार्नारवॉनच्याच लोकांनी ती बांधायला हात लावलाय.

आता घाना. अक्रा शहराजवळ कुंटुन्से नावाच्या ठिकाणी ३२ मीटरची एक डिश होती, परदेशी फोन कॉल उपग्रहामार्फत पाठवायला बांधलेली. समुद्राखालून फायबर केबल आल्या, कॉल तिकडून जायला लागले, आणि या डिश आफ्रिकाभर नुसत्या उभ्या राहिल्या. शास्त्रज्ञांच्या डोक्यात आलं की नवी एवढी डिश बांधायला प्रचंड पैसा लागतो, ही तर तयार आहे. पण उपग्रह आकाशात एका जागी असल्यासारखा असतो, त्यामुळे अशा डिशला फारसं हलावं लागत नसे, आणि तारे तर सतत सरकतात, म्हणून मोटर, नियंत्रण, रिसीव्हर सगळं नव्यानं करावं लागलं. घानाच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या इंजिनिअरांनी मिळून ते केलं, आणि २४ ऑगस्ट २०१७ ला राष्ट्राध्यक्ष नाना अकुफो-अ‍ॅडो यांनी या वेधशाळेचं उद्‌घाटन केलं. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तिला उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडचं आकाश दिसतं.

एका डिशनं काय होतं असं वाटेल, तर इथं जोड्यांचा मुद्दा परत येतो. खंडाखंडांवर पसरलेल्या डिशपण जोडता येतात, प्रत्येक ठिकाणी अचूक अणुघड्याळ ठेवून सिग्नल रेकॉर्ड करायचा आणि नंतर एका ठिकाणी आणून जुळवायचा. युरोपातल्या डिश आणि हार्टबीस्टहूक अशी जोडणी वर्षानुवर्षं होतेय, पण युरोपात सगळ्या डिश एकमेकींच्या जवळ आणि मग एकदम हजारो किलोमीटरवर दक्षिण आफ्रिका, मधली अंतरं नाहीतच. ठिपक्यांच्या रांगोळीत मधले ठिपकेच नसले तर आकृती नीट जुळत नाही, तसं चित्राचं होतं. घाना, केनिया, झांबिया, मादागास्कर हे बरोब्बर मधले ठिपके आहेत. केनियात लोंगोनोट, झांबियात म्वेंबेशी, मादागास्करमध्ये आरिवोनिमामो, इथल्या जुन्या डिश अशाच बदलून घ्यायचा विचार आहे, तिथलं काम घानाइतकं पुढे गेलेलं नाही. एसकेएच्या आफ्रिकन भागीदार देशांत बोट्स्वाना, नामिबिया, मोझांबिक आणि मॉरिशसपण आहेत.

डिश बदलून घेणं एकवेळ सोपं, माणसं तयार करणं अवघड. दक्षिण आफ्रिकेनं २००५ पासूनच शिष्यवृत्त्या द्यायला सुरुवात केली, तंत्रज्ञांपासून डॉक्टरेटपर्यंत, आणि शेजारच्या देशांतल्या मुलांनाही. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या पुढाकारानं डारा नावाचा कार्यक्रम चालतो, त्यात आफ्रिकन भागीदार देशांतल्या पदवीधरांना रेडिओ खगोलशास्त्राचं मूलभूत आणि हातानं करायचं शिक्षण मिळतं. यातून सगळेच खगोलशास्त्रज्ञ होत नाहीत आणि व्हायची गरजपण नाही. सिग्नल प्रोसेसिंग, फायबर, मोठा डेटा हाताळणं हे येणारा माणूस कुठल्याही देशाला हवाच असतो. २०२० मध्ये कोविडच्या वेळी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं देशी श्वसनयंत्रं बनवून घ्यायचा प्रकल्प सांभाळायची जबाबदारी याच रेडिओ वेधशाळेच्या संस्थेला दिली, कारण मीरकॅटसारखं किचकट इंजिनिअरिंग वेळेत करून दाखवायचा अनुभव तिच्याकडे होता. हजारो यंत्रं तयार झाली.

सगळं गोड आहे असं नाही. कारूमध्ये मेंढपाळीची शेतं विकत घेऊन जागा मोकळी केली, त्यातली बरीच जमीन २०२० मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली. शेतकऱ्यांना मोबाईल नीट लागत नाही, पर्यायी रेडिओ व्यवस्था दिली तरी तक्रारी राहिल्या, आणि कार्नारवॉनसारख्या गरीब गावात लोकांना ज्या नोकऱ्यांची आशा होती त्या बांधकाम संपल्यावर कमी होतात. गावच्या शाळेत विज्ञान-गणिताला मदत मिळाली हे चांगलंच आहे, पण ज्याच्या गावच्या शांततेवर अख्ख्या जगाचं विज्ञान चाललंय त्याला त्याचा मोबदला दिसला पाहिजे, आणि हा हिशोब अजून पूर्ण झालाय असं मला वाटत नाही. ही जमीन मुळात सान लोकांची. तिथल्या झाम भाषेतल्या कथा १८७० च्या दशकात लिहून घेतल्या गेल्या, त्यातल्या एकीत एक मुलगी चुलीतली राख आकाशात उधळते आणि त्या राखेची आकाशगंगा होते.

आता कारूमध्ये एसकेएच्या नव्या डिश उभ्या राहतायत. बांधकामाची औपचारिक सुरुवात डिसेंबर २०२२ मध्ये झाली, पहिली डिश जुलै २०२४ मध्ये चढवली. १५ मीटरच्या १३३ नव्या आणि मीरकॅटच्या ६४, एकूण १९७, पसारा १५० किलोमीटर. जोड्या २०१६ वरून १९ हजारांच्या पुढे जातात, त्यावरून कॉम्प्युटरचं काम किती वाढणार ते बघा. भारत यात सदस्य आहे, केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये १२५० कोटी रुपये मंजूर केले, आणि दुर्बीण चालवायच्या सॉफ्टवेअरचं मोठं काम पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेकडे आहे, जीएमआरटीवाल्यांकडे. पुण्यातल्याच आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचे नीरज गुप्ता आणि आर. श्रीआनंद मीरकॅटवर एक मोठा सर्व्हे चालवतात, लांबच्या दीर्घिकांमधला थंड वायू शोधण्याचा, आणि त्याच्या डेटावरचं काम पुण्यात चालतं.

मीरकॅटचा नवा पेपर आला की पहिलं नाव कुठल्या विद्यापीठातलं आहे ते मी आधी बघतो. जानेवारी २०२५ मध्ये ३३ लाख प्रकाशवर्षं लांबीच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या ३२ पट मोठ्या रेडिओ दीर्घिकेचा पेपर आला, आणि त्याची पहिली लेखिका केप टाउन विद्यापीठात मास्टर्स करणारी विद्यार्थिनी होती.